तुमचं ओझं आहे माझ्या मनावर

मी मराठीचा मास्तर. उल्हासनगरच्या एका शाळेत आयुष्य गेलं. वर्गातली निम्मी मुलं घरी सिंधी बोलायची, बाजारात हिंदी, आणि माझ्यासमोर आली की गप्प बसायची. त्यामुळे कुणी चुकीचं मराठी बोललं की माझ्या डोक्यात आपोआप लाल पेन उघडतं. माणूस काय म्हणतोय ते ऐकूच येत नाही, कसं म्हणतोय तेवढंच ऐकू येतं. आज मला हा रोग वाटतो. तेव्हा ती माझी विद्वत्ता होती, आणि विद्वत्तेचा मला भलताच माज होता.

ती बाई आमच्या दारात पहिल्यांदा उभी राहिली ती ऐंशीच्या दशकाच्या शेवटी. आम्ही अंबरनाथला तिसऱ्या मजल्यावर राहायचो. मी, बायको आणि आई. आईचं खुब्याचं हाड मोडलं होतं, ते वाकडं जुळलं आणि ती कायमची खाटेवर आली. खाट खिडकीला लावलेली. खिडकीतून मागच्या गल्लीतल्या विहाराचा झेंडा दिसायचा, विहार दिसायचा नाही. त्या विहाराच्या विटा आईने डोक्यावरून वाहिल्या होत्या. दिवसभर बिल्डरच्या घमेल्याखाली मान मोडून घ्यायची आणि संध्याकाळी फुकटात विहाराच्या. ती पडल्यानंतर तिथे नवी बुद्धमूर्ती बसली. पांढऱ्या दगडाची, चांगली माणसाएवढी. तेवढी मूर्ती एकदा बघायची, याहून दुसरं काही आई मागत नव्हती.

"डोळं उघडं हायेत का मिटल्यालं?" तिने मला एकदा विचारलं.

त्या मूर्तीसमोर उभा राहून मी तोवर चार भाषणं केली होती. मला सांगता येईना. मूर्तीकडे पाठ करून बोलायचं असतं, बघणार कधी? मी ठोकून दिलं, "अर्धोन्मीलित." आईने मान हलवली. शब्द तिला कळला नाही, पण पोराला काही माहीत नाही एवढं कळलं असावं.

तिला खाली न्यायचा प्रयत्न मी केला नाही असं नाही. एकदा केला. प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून मी आणि शेजारचे एक गृहस्थ निघालो. पहिल्याच वळणावर खुर्ची अडकली, आईचा पाय कठड्याला लागला आणि तिने असा हंबरडा फोडला की खालच्या मजल्यावरची दारं उघडली. आम्ही तिला परत वर आणलं. तेव्हापासून तिने विषय काढला की मी म्हणायचो, "बघू पुढच्या पौर्णिमेला." पौर्णिमा काय, दर महिन्याला येते.

तर ती बाई. पन्नाशीची, सिंधी, सलवार-कमीज, डोक्यावर ओढणी. उल्हासनगरच्या कॅम्पात जीन्स शिवायच्या एका लहानशा कारखान्यात मशीनवर बसायची. कपड्यांना कायम निळे दोरे चिकटलेले. शुक्रवारी तिकडे वीज नसायची म्हणून कारखाने बंद, आणि त्या सुट्टीत ही ख्रिश्चन झालेली बाई प्रभूचा प्रचार करत बिल्डिंगी चढायची. तिच्या नवऱ्याची दारू कुठल्याशा प्रार्थनेने सुटली होती. झालं! एकाची दारू सुटली आणि सगळ्या अंबरनाथचे जिने हिच्या वाट्याला आले.

दार बायकोने उघडलं. बाईने आत डोकावून खाटेवरची आई बघितली आणि सरळ आत येऊन तिचा हात धरला. डोळ्यांत पाणी. इतक्या तयार डोळ्यांचा मला पहिल्यापासून तिटकारा. मग ती म्हणाली, "अम्मा, प्रभूने मला तुमचं ओझं दिलं. तुमचं लई ओझं आहे माझ्या मनावर."

मी मनातल्या मनात वाक्याखाली लाल रेघ ओढली. पुढे मला कळलं की त्यांच्या मंडळीत असंच बोलतात. अमक्याचं बोझ आहे म्हणजे अमक्याची काळजी लागून राहिली आहे. हिंदीतला तो बोझ हिने आपल्या हिशोबाने मराठीत आणला होता. पण आईला हे कोण सांगणार? जिने तीस वर्षं रेती आणि विटा वाहिल्या, नवरा गेल्यावर कुणापुढे हात पसरला नाही, तिला एक परकी बाई तोंडावर सांगत होती की तू मला ओझं झालीस.

"माजं ओझं?" आई म्हणाली. "कवा चडले मी तुज्या मनावर? आगं, आजवर म्या दुसऱ्याची ओझी वाह्यली. माजं कुनाला हू दिलं न्हाई. ऊठ हितनं."

बाईला काय झालं ते समजेना. ती "अम्मा, अम्मा" करत राहिली आणि आईने हात सोडवून घेतला. मला इतका आनंद झाला की मी तिला दारापर्यंत सोडायला गेलो. दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत मी ते वाक्य नक्कल करून म्हणून दाखवलं. पुढे महिनाभर कुणी कुणाला चहा दिला की म्हणायचं, "सर, तुमचं लई ओझं आहे माझ्या मनावर." शिकलेल्या माणसांचे विनोद हे असे असतात.

पुढच्या शुक्रवारी ती पुन्हा आली. या वेळी हातात प्रचाराचं पुस्तक नव्हतं, डबा होता. सिंधी कढी आणि भात.

"अम्मा, गलती झाली," ती म्हणाली. "हमारे यहाँ ऐसा ही बोलते हैं. बोझ म्हणजे... तुमची आठवण येते ना, तर रात को नींद येत नाही."

आई म्हणाली, "मंग तसं म्हन की. आन् मनावर घिऊन बसून काय हुतंय? ओझं उचलायचं आसतं बाई. मनावर ठिवून कुनाचं हलकं झालंय?"

"कसं उचलू?" बाईने अगदी खरोखरीचं विचारलं.

आई हसली. "आदी कढी वाड."

माझ्यासारख्या बोलाच्या कढीवर जगणाऱ्या माणसाला त्या खऱ्या कढीचा वास घरभर पसरलेला आवडला नाही. ती आता दर शुक्रवारी यायला लागली. आईची नखं काढायची, पाठ पुसायची, आणि मग ओढणी सारखी करून प्रभूची गोष्ट सुरू करायची. आई ऐकायची आणि तिला बुद्धाची गोष्ट सांगायची. दोघींपैकी एकीलाही दुसरीची गोष्ट पटत नव्हती आणि दोघींनाही त्याचं काही वाटत नव्हतं. या सगळ्यात माझी बायको दीड वर्षात पहिल्यांदा शुक्रवारी दुपारी दोन तास झोपायला लागली, हेही मला तेव्हा दिसलं नाही. आईचं सगळं तीच करायची. मी आईचं काय करायचो? मी आईवर प्रेम करायचो.

एकदा मी बाईला गाठलंच. म्हटलं, "कोंबडीला दाणे टाकणाऱ्यालाही कोंबडीचा फार कळवळा असतो. खरं सांगा, तुम्हाला माझ्या आईची दया येते, की तिचा धर्म बदलायचाय?"

तिला रागच येईना. "दोनों, सर," ती म्हणाली. "अच्छा दर्जी मिला तो औरत चार घर में बोलती है. त्यात कमिशन थोडी असतं? अम्माला माझा प्रभू मिळाला तर मला खुशी. नाही मिळाला तर भी पाठ तर पुसायला पाहिजे ना?"

हे उत्तर मला चोख वाटलं, म्हणूनच मी ते लगेच विसरलो.

तिच्या पास्टरबद्दल मात्र मी आजही माघार घेणार नाही. विठ्ठलवाडी स्टेशनजवळ एका दुकानावरच्या हॉलमध्ये त्याची मंडळी भरायची. खालून जाताना ऐकू यायचं, मायकात घुमणारं "करुणा... करुणा... करुणा..." लोकांचे हाल बघून प्रभूला करुणा आली, म्हणून आपणही करुणेने घरोघर गेलं पाहिजे, हा त्याचा कायमचा विषय. एकदा तो स्वतः आमच्याकडे आला. सफारी सूट, अत्तर, हातात दुमडलेला रुमाल. बसला नाही. आईच्या खाटेपासून चार हातांवर उभा राहून मोठ्याने प्रार्थना केली आणि रुमाल डोळ्यांना लावला. आधी रुमाल लावला, पाणी नंतर आलं. मग बाईला म्हणाला, "सिस्टर, इनको मैदान में लाओ. चंगाई की सभा है. स्टेज के सामने लिटाएँगे." आईचं नाव त्याने विचारलं नाही. बाजारात मेथीची जुडी उलटसुलट करून बघावी तसा तिच्याकडे बघून गेला.

पण त्याला हसायचा अधिकार मला होता का? माझाही विषय करुणाच. या भागात बुद्धपौर्णिमेला करुणेवर बोलायचं म्हटलं की मलाच बोलवायचे. बदलापूरला मांजर्लीत नदीचं पाणी घराघरांत शिरलं होतं, ते ओसरल्यावर तिथल्या मंडळाने मला नेलं. समोर ओल्या सतरंज्यांवर बसलेली माणसं, आणि मी पाऊण तास दया आणि करुणा यांतला सूक्ष्म भेद सांगतोय. एक म्हातारा मधेच उठून म्हणाला, "सायेब, चादरी कोन वाटनार हायेत, तुमी का दुसरं?" मी म्हटलं, दुसरं. तो दुसऱ्याला शोधायला निघून गेला. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. ही म्हण मी दरवर्षी नववीला शिकवत होतो.

पास्टर येऊन गेल्यावर पुढच्या शुक्रवारी बाई टेप घेऊन आली. शिंप्याची, गळ्यात अडकवायची. तिने जिन्याची रुंदी मोजली, वळणं मोजली, मग आईला आडवीतिडवी मोजली. खुर्ची वळत नाही ना, मग कापड वळेल, असं तिचं म्हणणं. कारखान्यातल्या उरलेल्या जीन्सच्या कापडाची तिने झोळी शिवली. दुहेरी कापड, तिहेरी शिलाई, खुब्याच्या जागी चिंध्या भरून केलेली गादी आणि चार कोपऱ्यांना हात घालायला चार पट्टे. कारखान्याच्या जिन्यावर तिथल्या दोन कारागिरांना आणि आणखी दोघांना लावून ती आधी स्वतः त्यात निजली आणि खालीवर करून घेतलं. हे सगळं मैदानातल्या त्या आजार बरे करायच्या सभेसाठी.

आईने झोळीवरून हात फिरवला. शिलाई ओढून बघितली. आणि म्हणाली, "ईन मी तुज्या मैदानात. पर आदी मला माज्या विहारात ने. मागल्या गल्लीत तर हाय. तुजा देव चार दिस थांबंल का न्हाई?"

बाईचा चेहरा उतरला. तिच्या धर्मात मूर्तीच्या वाटेला जाणं हे साधं पाप नव्हे. नुसतं स्वतः जाणं नाही, दुसऱ्याला उचलून नेणं! ज्या जिवाला वाचवायला ती इतके जिने चढली, त्यालाच आपल्या हातांनी बुडवायचं. ती पास्टरला विचारायला गेली. तो म्हणाला, "करुणा म्हणजे समोरचा मागेल ते देणं नव्हे. नेलंस तर पुन्हा मंडळीत साक्ष द्यायला उभी राहू नकोस." हे मला बऱ्याच दिवसांनी कळलं. आणि पुढे तसंच झालं. मंडळीसमोर उभं राहून नवऱ्याच्या दारूची गोष्ट सांगायची, ती तिची साक्ष बंद झाली, प्रचाराला तिच्याबरोबर कुणी जायचं नाही असं ठरलं, आणि मैदानातल्या सभेला आईला मग कुणी बोलावलं नाही. आईच विचारत राहिली, मी शब्द दिलाय, कवा न्यायची मला? ती बाई मात्र शुक्रवारी येत राहिली. पुस्तक घेऊनच. हट्टी होती.

पण तेव्हा मला एवढंच दिसलं की पुढच्या शुक्रवारी ती आली, आईची पाठ पुसली आणि विचारलं, "अम्मा, विहार कब है?"

बुद्धपौर्णिमा पाच दिवसांवर आली होती. मी मध्ये पडलो. म्हटलं, "पौर्णिमेला फार गर्दी असते. शिवाय माझं भाषण आहे, मला लवकर जावं लागतं. गर्दी ओसरली की बघू." दोघी माझ्याकडे बघत होत्या. मी समजलो की मुद्दा पटला.

पौर्णिमेच्या संध्याकाळी तळमजल्यावरच्या इस्त्रीवाल्याकडून पांढरा शर्ट घेतला, चढवला आणि गेलो. विहार भरला होता. वंदना झाली, पाहुण्यांना फुलं दिली, आणि मी मूर्तीकडे पाठ करून सुरू झालो. माझं एक ठेवणीतलं वाक्य होतं. "दया वरून खाली बघते, करुणा शेजारी येऊन बसते." या वाक्यानंतर मी थोडा थांबायचो, लोकांना माना हलवायला वेळ मिळावा म्हणून.

थांबलो, तेवढ्यात दारात गडबड झाली. लोक बाजूला सरकायला लागले आणि त्या फटीतून निळी झोळी आत आली. पुढचे दोन कोपरे कारागिरांच्या हातात. ते दोघे बिचारे उत्तरेकडचे, त्यांनी अर्ध्या दिवसाचा खाडा केला होता. मागचा एक कोपरा त्या बाईच्या हातात आणि दुसरा आमच्या इस्त्रीवाल्याच्या. तासाभरापूर्वी मला शर्ट देताना तो एक अक्षर बोलला नव्हता. मागून माझी बायको, हातात आईच्या चपला. दोन वर्षं आईचे पाय जमिनीला लागले नव्हते, तरी चपला आणल्या होत्या.

आता या जागी दुसऱ्या कुणा लेकाने काय केलं असतं? मायक ठेवून धावला असता. मी पहिली गोष्ट ही बघितली की झोळी जीन्सची आहे आणि शहरातली प्रतिष्ठित मंडळी समोर बसली आहेत. दुसरी गोष्ट, माझे अजून तीन मुद्दे राहिले होते. मी बोलत राहिलो. होय, बोलत राहिलो. माझी आई माझ्या डाव्या हाताला मूर्तीसमोर खाली ठेवली जात होती आणि मी करुणेची लक्षणं सांगत होतो. समितीचे एक गृहस्थ माझ्या कानाशी येऊन कुजबुजले, "सर, ही ख्रिश्चन बाई ना? इथे कशाला घुसवलीत? प्रचार करेल." मी मायकवर हात ठेवून म्हटलं, "मी नाही बोलावलं." खरं होतं ते. तेवढं एकच वाक्य मी त्या दिवशी खरं बोललो.

बोलता बोलता मी तिच्याकडे बघत होतो. आईला खाली ठेवल्यावर ती भिंतीला टेकून उभी राहिली होती. मान खाली, डोळे गच्च मिटलेले, ओठ हलत होते. ती आपल्या प्रभूची माफी मागत होती हे सांगायला कुणाची गरज नव्हती. मला तेव्हा तिचा हेवा वाटला. खरंच सांगतो, हेवाच वाटला. दुसऱ्यासाठी मोडावं असं तिच्याकडे काहीतरी होतं. माझ्याकडे मुद्दे होते.

भाषण संपलं. टाळ्याही पडल्या, लोकांना सवय असते. माणसं खिरीकडे वळली आणि मी आईजवळ गेलो. ती झोळीतच उताणी होती, कारागिरांनी तिचं डोकं थोडं वर धरलं होतं. ती मूर्तीकडे बघत होती, मी आलो तरी नजर काढली नाही.

"मिटल्यालं न्हाईत रं," ती म्हणाली. "खाली बगत्यात. खाली बसनाऱ्याकडं बगत्यात."

मी तिच्याशेजारी खाली टेकलो आणि मान वर करून पहिल्यांदा नीट बघितलं. खरंच, डोळे खाली होते. उभ्या माणसाला ते कधी दिसलेच नसते.

मग निघायची वेळ झाली. कारागिरांनी पुढचे पट्टे धरले. बाईने मागचा आपला पट्टा मनगटाला गुंडाळला. चौथा तसाच लोंबत होता. इस्त्रीवाला पेटती इस्त्री टाकून आला होता, तो दुकानात परतला होता. बाईने इकडेतिकडे बघितलं. मला काही म्हणायचा तिचा धीर होईना. सर म्हणायची ना मला.

आईने झोळीतून माझ्याकडे बघितलं.

"ब्येस बोललास," ती म्हणाली. "आता कोपरा धर."